एक्स्क्यूज की फर्गिव? क्षमा मागताना आपण नेमकं काय मागतो

आजचे वाचन : मत्तय १८:२१-३५



आजच्या वाचनात पेत्र येशूला एक हिशोबाचा प्रश्न विचारतो. भावाला किती वेळा क्षमा करायची? सात वेळा पुरे का? उत्तर आपल्याला पाठ आहे, त्यामुळे आपण पुढे निघून जातो. पण आज जरा थांबू या. ‘किती वेळा’ हा प्रश्न बाजूला ठेवून त्याच्या आधीचा प्रश्न विचारू या : क्षमा म्हणजे नेमकं काय? कारण जी गोष्ट काय आहे हेच नीट ठाऊक नाही, ती सात वेळा केली काय आणि सत्तर वेळा केली काय, मोजणार कशी?

या मननासाठी मी आज थोडी इंग्रजी शब्दांची मदत घेणार आहे. नवल वाटेल, पण त्याला कारण आहे. मराठीत आपण ‘माफ करा’ हे दोन शब्द सगळीकडे वापरतो. एसटीत कोणाच्या पायावर पाय पडला, माफ करा. चुकीचा नंबर लागला, माफ करा. सभेला उशीर झाला, माफ करा. आणि वीस वर्षं सख्ख्या भावाच्या वाट्याची जमीन दाबून ठेवली, मरायला टेकल्यावर त्याला बोलावून घेतलं, तेव्हाही शब्द तेच : माफ कर. आता तर त्याहून सोपा शब्द आला आहे, ‘सॉरी’. मुलं दिवसातून पन्नास वेळा म्हणतात, आपणही म्हणतो.

इंग्रजीत मात्र या सगळ्यासाठी वेगवेगळे शब्द आहेत, आणि ते आपण ऑफिसात, शाळेत, अर्जांमध्ये रोज लिहितो-बोलतो. फक्त त्यांच्यातला फरक पाहत नाही. अशा चार जोड्या आज घेऊ.

पहिली जोडी : रिग्रेट आणि अपॉलॉजी

‘रिग्रेट’ म्हणजे खेद. हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता गेलेल्या माणसासाठी विलाप करणं. म्हणजे बघा, विलाप करणाऱ्याने खून केलेला असावा लागत नाही. काहीतरी वाईट झालं आणि मला त्याचं दुःख आहे, एवढंच रिग्रेट सांगतं. कोणी केलं, हे ते सांगत नाही. रेल्वेच्या फलाटावर गाडी उशिरा आल्याची घोषणा होते आणि खेद व्यक्त होतो, तो हा रिग्रेट.

‘अपॉलॉजी’ची गोष्ट उलटी आहे. मूळ ग्रीक शब्द ‘अपोलोगिया’, आणि त्याचा अर्थ माफी नव्हताच. त्याचा अर्थ होता बचावाचं भाषण. ख्रिस्तपूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायालयात सॉक्रेटिस उभा राहिला, त्याच्या भाषणाच्या प्लेटोने लिहिलेल्या ग्रंथाला ‘अपॉलॉजी’ म्हणतात. त्यात सॉक्रेटिस कुठेही माफी मागत नाही! प्रेषितांची कृत्ये २२ मध्ये पौल यरुशलेमेच्या जमावापुढे बोलतो तेव्हाही हाच शब्द आहे, आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात, आपल्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं सांगताना, तिथेही हाच. बचावाचा हा शब्द पुढे इंग्रजीत हळूहळू फिरला आणि ‘माझा बचाव नाही, माझं चुकलं’ असा झाला. शब्दाचं हे फिरणं मला फार आवडतं. माणसाने असंच फिरायचं असतं.

हा फरक फक्त कोशातला आहे असं समजू नका. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसं मेली, आणि लोकांच्या मते कितीतरी जास्त. शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत त्याबद्दल ‘रिग्रेट’ व्यक्त केलं. अपॉलॉजी मागितली नाही. भारतातल्या लोकांना तो फरक लगेच कळला आणि बोचला.

ऑस्ट्रेलियातही तसंच. तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारने कित्येक दशकं आईबापांपासून तोडून नेली होती. १९९९ मध्ये पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी संसदेत खेदाचा ठराव आणला, पण माफी मागायला ते तयार झाले नाहीत. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पुढचे पंतप्रधान केव्हिन रड उभे राहिले आणि त्यांनी सरकारच्या वतीने स्पष्ट माफी मागितली. त्या दिवशी संसदेत आणि देशभर चौकाचौकांत लावलेल्या पडद्यांसमोर म्हातारी माणसं रडत होती. गेलेलं बालपण काही परत आलं नाही. मग ती का रडली? कारण खेदात ‘मी’ नसतो आणि माफीत असतो. ‘झालं ते वाईट झालं’ आणि ‘मी केलं ते वाईट केलं’ या दोन वाक्यांमधलं अंतर चालायला एका देशाला नऊ वर्षं लागली. आपल्या घरांमध्ये कधी कधी त्याहून जास्त लागतात.

‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी.’ हे वाक्य आपण किती ऐकतो! यात चूक कोणाची? वाईट वाटून घेणाऱ्याची. हा रिग्रेटसुद्धा नाही.

दुसरी जोडी : एक्स्क्यूज आणि फर्गिव

आजच्या मननाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ देऊ.

‘एक्स्क्यूज’ लॅटिनमधून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘कॉझा’ म्हणजे कारण, खटला, आरोप. आरोपातून बाहेर काढणं. आपल्याकडे ‘सबब’ हा शब्द अरबी-फारसीतून आला, आणि त्याचाही मूळ अर्थ ‘कारण’ हाच. सबब म्हणजे कारण, आणि सबब म्हणजे निमित्त सांगून सुटका. दोन दूरच्या भाषा, पण माणूस सगळीकडे सारखाच!

‘फर्गिव’ हा मात्र अस्सल जुना इंग्रजी शब्द. त्याच्या पोटात ‘गिव’ आहे, म्हणजे देणं. पूर्णपणे देऊन टाकणं, सोडून देणं. लॅटिनमधून आलेल्या ‘पार्डन’मध्येही तसंच ‘दान’ बसलेलं आहे.

आता दोन्ही शेजारी ठेवा. एक्स्क्यूज म्हणतं : तुझा दोष नव्हता, म्हणून तुझ्यावर राग नाही. फर्गिव म्हणतं : दोष तुझाच होता, तरीही मी तो तुझ्यावर धरत नाही. म्हणजे हे दोन शब्द शेजारी राहणारे असले तरी सख्खे नाहीत. जवळजवळ उलटे आहेत. जिथे सबब पूर्ण खरी आहे तिथे क्षमेला कामच नाही. आणि जिथे क्षमा लागते तिथे सबब संपलेली असते. सी. एस. लुईस या ख्रिस्ती लेखकाने या फरकावर एक छोटा निबंध लिहिला आहे, आणि तो सांगतो ते खरं आहे : आपण देवाकडे क्षमा मागतो आहोत असं समजून पुष्कळदा सबबच मंजूर करून मागत असतो.

सबबी सगळ्या खोट्या असतात असं मात्र मुळीच नाही. जे. एल. ऑस्टिन नावाचे ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ होते. १९५६ मध्ये त्यांनी सबबी याच विषयावर एक व्याख्यान दिलं. त्यात गाढवांचं एक उदाहरण आहे. तुझं एक गाढव, माझं एक, दोन्ही एकाच माळावर चरतात. मला माझं गाढव नकोसं झालं, मी नेम धरून गोळी मारली, जवळ जाऊन पाहतो तर मेलेलं गाढव तुझं! हे ‘बाय मिस्टेक’, ओळखण्यात चूक झाली. दुसऱ्या वेळी मी बरोबर माझ्याच गाढवावर नेम धरला, पण गोळी सुटताना गाढवं हलली आणि तुझं मेलं. हे ‘बाय अ‍ॅक्सिडेंट’, अपघात. आपण मराठीत दोन्हीला ‘चुकून’ म्हणतो. पण पहिल्यात मी नीट पाहायला हवं होतं, दुसऱ्यात पाहूनही उपयोग नव्हता. दोष कमी-जास्त आहे, आणि न्याय करणाऱ्याने तो तोलून पाहायला हवा.

देवाच्या नियमशास्त्रात हे तोलणं आहे. अनुवाद १९ वाचा. दोघे रानात लाकडं तोडायला गेले, कुऱ्हाड उगारली, पातं दांड्यातून निसटलं आणि सोबत्याला लागून तो मेला. या माणसासाठी देवाने शरणपुरे ठरवून दिली. तिथे पळून जा, जगशील. पण ज्याने वैर धरून, दबा धरून मारलं, त्याने शरणपूर गाठलं तरी त्याला तिथून परत आणायचं. खरी सबब देव ऐकतो. म्हणून आपणही दुसऱ्याची सबब मन मोठं करून ऐकावी. शेजारीण बोलली नाही, तिच्या घरात आजारपण असेल. मुलाने उद्धट उत्तर दिलं, शाळेत काही घडलं असेल. अर्ध्याहून जास्त भांडणं इथेच मिटतील.

पण जे उरतं, त्याचं काय? सगळ्या सबबी वजा केल्यावर तळाशी जो गाळ राहतो, जो मी समजून-उमजून केला, त्याला सबब नाही. तिथेच माणसाची खरी परीक्षा आहे, आणि पवित्र शास्त्र ही परीक्षा पहिल्या पानांपासून दाखवतं. आदाम म्हणतो, ही बाई तूच मला दिलीस. बाई म्हणते, सापाने फसवलं. निर्गम ३२ मधला अहरोन तर कमालच करतो : लोकांनी सोनं दिलं, मी ते आगीत टाकलं, आणि हे वासरू बाहेर आलं! जसं काही वासरू आपोआप तयार झालं. वाचताना हसू येतं. पण ‘तोंडातून निघून गेलं’, ‘हात उठला’, ‘परिस्थितीच तशी होती’, ही आपली वाक्यं वेगळी आहेत का? हात उठला म्हणे. हाताचा मालक कुठे गेला होता?

शौल आणि दावीद या दोन राजांकडे पाहा. १ शमुवेल १५ मध्ये शमुवेल शौलाला जाब विचारतो. शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मग म्हणतो, गुरं लोकांनी ठेवली. मग म्हणतो, देवाला अर्पण करायलाच ठेवली. शेवटी ‘मी पाप केलं’ म्हणतो, पण लगेच जोडतो की लोकांना घाबरलो होतो, आणि आता वडिलांसमोर माझा मान राख. दावीदाचं पाप त्याहून काळं होतं : दुसऱ्याची बायको आणि तिच्या नवऱ्याचा खून. पण नाथान संदेष्ट्याने बोट दाखवताच तो एवढंच म्हणतो की मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं आहे. ‘पण’ नाही, ‘कारण’ नाही. शौल एक्स्क्यूज मागत होता. दावीदाने फर्गिव मागितलं. जे मागितलं तेच मिळू शकतं ना?

तिसरी जोडी : रिमोर्स आणि रिपेंटन्स

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, दोष मान्य केला, मन खूप खातं आहे. पुरे का?

मन ‘खातं’ असं आपण म्हणतो, आणि ‘रिमोर्स’चा मूळ अर्थही तोच आहे : लॅटिनमध्ये पुन्हा पुन्हा चावणं. ‘रिपेंटन्स’ म्हणजे पश्चात्ताप. नव्या करारात त्यासाठी ग्रीक शब्द ‘मेतानोइया’, म्हणजे मन बदलणं. आणि जुन्या करारातला इब्री शब्द ‘शूब’ तर अगदी साधा आहे : माघारी फिरणं. चुकीच्या रस्त्याला लागलेला माणूस रस्त्यात बसून रडला तर तो रिमोर्स; उठून मागे फिरला तर रिपेंटन्स.

या शब्दांपायी माणसांनी प्राण दिले आहेत. लॅटिन बायबलमध्ये या ठिकाणी जे शब्द होते, ते ‘प्रायश्चित्ताची कर्मं करा’ असे घेतले जात. विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये ग्रीकवरून इंग्रजी नवा करार छापला आणि ‘पेनन्स’ऐवजी ‘रिपेंट’ असं लिहिलं, ‘चॅरिटी’ऐवजी ‘लव्ह’ लिहिलं. सर थॉमस मोर यांनी १५२९ मध्ये एक मोठा ग्रंथ लिहून त्याच्या असल्या शब्दांवर हल्ला चढवला. १५३६ मध्ये ब्रुसेल्सजवळ टिंडेलला पाखंडी ठरवून गळा दाबून मारलं आणि जाळलं. आणि गंमत नव्हे, दुःख पाहा, मोर यांचाही शिरच्छेद त्याच्या आदल्या वर्षी झाला होता, आपल्या विवेकासाठीच. दोघांनाही ठाऊक होतं की शब्द बदलला की माणूस देवाकडे जाण्याची वाट बदलते. आपल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं इब्री आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवली, तीही साध्या बायाबापड्यांना शब्द नीट कळावा म्हणूनच.

रिमोर्स आणि रिपेंटन्स यांतला फरक एका रात्रीत दोन शिष्यांमध्ये दिसतो. यहूदाने धरून दिलं, पेत्राने नाकारलं. दोघांचं मन खाल्लं. मत्तय २७ मध्ये यहूदासाठी ग्रीकमध्ये ‘मेतानोइया’चा शब्द नाही, दुसरा आहे, म्हणून आजची बरीच इंग्रजी बायबलं तिथे ‘रिमोर्स’ लिहितात. नीट पाहिलं तर यहूदाने पुष्कळ केलं. चांदीची तीस नाणी परत केली, निर्दोष माणसाला धरून दिल्याचं तोंडाने कबूल केलं. पण तो कोणाकडे गेला? याजकांकडे. त्यांनी म्हटलं, आम्हाला काय त्याचं? आणि तो एकटा पडला, एकटाच गेला. पेत्रही ढसाढसा रडला, पण तो बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला, आणि किनाऱ्यावर येशू दिसताच पाण्यात उडी मारून त्याच्याकडे गेला.

योहान २१ मध्ये त्या किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. हा शब्द योहानाच्या शुभवर्तमानात दोनदाच येतो. पहिल्यांदा १८ व्या अध्यायात, प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने नाकारलं. प्रभूने त्याला पुन्हा तशाच विस्तवापाशी आणलं आणि तीन नकारांना तीन वेळा प्रश्न विचारला. झालं-गेलं विसरून जा, असं म्हटलं नाही. जिथे चुकलं तिथपर्यंत परत नेलं, आणि तिथून पुढचं काम सोपवलं. माघारी फिरणं ते हेच.

ज्यांचं मन आज खूप खात आहे त्यांना एक सांगतो. मनाचं चावणं हे देवाचं शेवटचं बोलणं नाही. एकट्याने ते सोसत बसू नका. ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जा, देवाकडे जा, आणि तेवढं बळ नसेल तर आधी एखाद्या विश्वासू माणसाकडे तरी जा. यहूदाला त्या सकाळी ‘आम्हाला काय त्याचं’ म्हणणारेच भेटले. मंडळीत कोणाला असे लोक भेटू नयेत ही आपली जबाबदारी.

चौथी जोडी : फर्गिव आणि रेकन्साइल

आता ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने पाहू. आमच्या प्रार्थनासभेत एका बहिणीने एकदा विचारलं, ‘दादा, नवरा मारतो. मी क्षमा केली. मग परत त्याच घरात राहायला जायला पाहिजे का? लोक म्हणतात, गेली नाहीस म्हणजे क्षमा केली नाहीस.’

या प्रश्नात दोन शब्दांची गल्लत आहे, आणि ती गल्लत बायकांच्या जिवावर बेतते. ‘फर्गिव’ म्हणजे क्षमा. ‘रेकन्साइल’ म्हणजे समेट, तुटलेले पुन्हा एकत्र येणं. क्षमा एकट्याने करता येते. माझ्या मनातला सूड मी देवाच्या हाती सोडला. समेटाला दोघे लागतात. समोरचा माघारी फिरला नसेल तर समेट होत नाही, होऊ शकत नाही, आणि तो झाल्याचं नाटक करणं हे ख्रिस्ताचं शिक्षण नाही. लूक १७ मध्ये येशू सांगतो की भावाने पाप केलं तर त्याला दोष दाखव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दोष दाखवणं आधी आहे.

योसेफाने काय केलं? भाऊ धान्य मागायला मिसरात आले. त्याच्या मनात सूड नव्हता, तो बाजूला जाऊन रडत होता. पण ओळख त्याने लगेच दिली नाही. आधी पाहिलं, ही माणसं बदलली का? एका भावाला विकणारे आता धाकट्या बन्यामिनालाही सोडून जातील का? आणि ज्याने विकायची कल्पना काढली होती तो यहूदाच जेव्हा बन्यामिनाच्या जागी गुलाम राहायला तयार झाला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. नंतर, बाप मेल्यावर, भाऊ घाबरले. तेव्हाही योसेफ ‘अहो, तुमचं काही चुकलं नव्हतं’ असं म्हणाला नाही. तुमचा हेतू वाईटच होता, पण देवाने त्यातून चांगलं योजलं, असं त्याने तोंडावर सांगितलं. एक्स्क्यूज नाही. क्षमा आहे, आणि आता समेटही आहे.

विसरण्याबद्दलही लोक बोलतात : फर्गिव अँड फर्गेट. ‘अ‍ॅम्नेस्टी’ या शब्दाच्या मुळाशी खरोखरच विस्मरण आहे, स्मृती जाण्याच्या ‘अ‍ॅम्नेशिया’शी त्याचं नातं आहे. पण दक्षिण आफ्रिकेत आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ पासून सत्य आणि समेट आयोगासमोर सुनावण्या झाल्या, तेव्हा त्यांनी उलट केलं. राजकीय गुन्ह्यासाठी अ‍ॅम्नेस्टी हवी असेल तर काय केलं ते पूर्ण सांगा. सत्य आधी. विसरून दिलेली क्षमा ही क्षमा नव्हे, तो थकवा आहे.

आणि क्षमा केली म्हणजे कायदा थांबतो असंही नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशात मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं आणि बारीपद्याला कुष्ठरोग्यांची सेवा पुढे चालवली. खटलाही चालला, २००३ मध्ये दोषींना शिक्षा सुनावली गेली. क्षमा त्यांची होती, न्याय न्यायालयाचा होता. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

त्या बहिणीला आम्ही हेच सांगितलं : बाई, क्षमा तू केलीस, देवाने ती पाहिली. घरी जाण्याचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर त्याच्या वागण्यात आहे.

मग किंमत कोण भरतो?

शेवटी आजच्या दाखल्याकडे येऊ. चाकराचं राजाकडे कर्ज होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. हिशोब करा : सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस धरले तर दोन लाख वर्षं. आणि त्याच्या सोबत्याचं कर्ज होतं शंभर दीनार, म्हणजे तीन-चार महिन्यांची मजुरी. ही रक्कम काही क्षुल्लक नाही, हे लक्षात घ्या. हातावर पोट असलेल्याला तीन महिन्यांची मजुरी बुडाली तर कळतं. येशू असं म्हणत नाही की तुझं काही नुकसानच झालं नाही. तो म्हणतो, ते खरं आहे, पण तुला काय सोडलं गेलं ते आठव.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण हेच म्हणतो. इंग्रजीत तिथेही दोन शब्द आहेत. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकापासून पुष्कळ मंडळ्या ‘ट्रेसपासेस’ म्हणतात, म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत शिरणं. आपल्याकडे बांध कोरणं म्हणतात ना, तसं. किंग जेम्स बायबलमध्ये मत्तय ६:१२ ला ‘डेट्स’ आहे, कर्ज. ग्रीक शब्द कर्जाचाच आहे, आणि आपल्या मराठी शास्त्रातही तिथे ‘ऋण’ हाच शब्द आहे. मला वाटतं, महाराष्ट्रात हा शब्द कोणाला समजावून सांगायची गरज नाही. २०१७ ला दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली, २०१९ ला दोन लाखांपर्यंतची. शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. पण कर्ज हवेत विरलं का? नाही. बँकेला ते कोणीतरी भरलं. सरकारी तिजोरीने भरलं. चळवळीतली माणसं ‘कर्जमाफी’ नको, ‘कर्जमुक्ती’ म्हणा असा आग्रह धरतात, कारण माफी म्हटलं की शेतकरी गुन्हेगार ठरतो. शब्दांचा हा आग्रह बरोबरच आहे. पण दोन्ही शब्दांत एक गोष्ट कायम राहते : सोडलेलं कर्ज कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेलं असतं.

सबब मंजूर करायला काही खर्च येत नाही. दोष नव्हताच, मग बिल कसलं? क्षमेला खर्च येतो. जो क्षमा करतो तो नुकसान सोसतो. संस्कृतातल्या ‘क्षम्’ धातूचा अर्थच सोसणं आहे, आणि सगळं सोसते म्हणून पृथ्वीला ‘क्षमा’ असं नाव आहे. वधस्तंभाकडे पाहिलं की हे कळतं. तिथे देवाने आपल्या पापांना सबब शोधली नाही. त्याने किंमत भरली.

म्हणून आज एवढंच करू या. संध्याकाळी प्रार्थनेला बसताना एकच गोष्ट देवापुढे ठेवा, आणि तिच्यातले सगळे ‘पण’ आणि ‘कारण’ बाजूला काढा. ज्या सबबी खऱ्या आहेत त्या त्याला आधीच ठाऊक आहेत. त्या सांगायला वकील लागत नाही. उरेल तेवढंच मागा. आणि कोणी तुमच्याकडे आलं, तर त्याच्या सबबी तुम्ही स्वतः शोधून द्या, आणि उरेल ते सोसा.

प्रार्थना : हे प्रभू, आमच्या तोंडी सबबी फार आणि कबुली थोडी असते. तू आमचं सगळं ऋण जाणून ते सोडलंस. ज्यांच्यावर आम्ही अन्याय केला त्यांच्या दारापर्यंत जायचं बळ दे. ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्यांना आसरा दे, आणि खोट्या समेटाच्या ओझ्यातून सोडव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.